बोळवण नसलेली गाणी

आमच्या मागच्या खोलीत एक नर्स भाड्याने राहायला आली, तेव्हा गावात मोठ्या इमारती नव्हत्या. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे कंपन्या, अलीकडे आम्ही आणि आमच्या मागे खाडी. मिठागरं सरकारने घेतली होती. राहिलेल्या अंगणात प्रत्येकाने एक-दोन खोल्या काढल्या होत्या आणि त्यात कंपन्यांतली, दवाखान्यांतली माणसं राहायची.

ही नर्स वाशीच्या एका दवाखान्यात होती. तिचं घर आसामच्याही पुढे, डोंगरात. गावाने तिला पहिल्याच दिवशी नेपाळीण ठरवलं. तिने दोन-तीन वेळा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. माझ्या सासूबाई तिला 'बाय' म्हणायच्या. त्या सगळ्याच पोरींना बाय म्हणत, त्यामुळे त्यांना नेपाळ लागलं नाही.

तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, एक स्टोव्ह, एक टेपरेकॉर्डर, एक येशूचा फोटो आणि बुटांच्या दोन खोक्यांत भरलेल्या कॅसेटी आल्या. फोटो तिने पहिल्या दिवशी लावला, टेप दुसऱ्या दिवशी. उखळात कोणी खडी कुटतंय आणि बाजूला कोणीतरी डुक्कर धरायला बघतंय, असा तो आवाज होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा विचारलं, हे काय. ती म्हणाली, "हेवी मेटल, दीदी."

आमचे हे तेव्हा एका केमिकल कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. त्यांना मी रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "हेवी मेटल म्हणजे शिसं, पारा. आमच्या गेटवर बोर्ड हाय, नाल्यात सोडू नका म्हणून." आणि पुढे जेवू लागले.

सासूबाई गावच्या धवलारीण होत्या. आमच्यात लग्नात भटाच्या आधी धवलारणीचं काम सुरू होतं आणि भट गेल्यावरही चालू राहतं. हळद दळण्यापासून नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत प्रत्येक कामाला तिचं गाणं असतं. सुरुवातीला ती सगळ्यांना आवतण देते. आधी मोठे देव, मग गावदेवी, मग वेशीवरचा, मग खाडीवरचा, मग घरातले गेलेले, आणि शेवटी ज्यांचं नाव घ्यायला लोक घाबरतात ते. सगळ्यांना बोलवायचं, प्रत्येकाला त्याचा वाटा द्यायचा आणि लग्न लागलं की सगळ्यांची बोळवण करायची. बोळवण राहिली तर बोलावलेला घरातच बसतो. सासूबाईंना ही सगळी गाणी पाठ होती. त्यांना अक्षर येत नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं.

त्यांच्यामागे हे काम माझ्याकडे यायचं होतं. गाणी मला येत होती. पण चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. मांडवात मी त्यांच्या पाठीमागे बसून ओठ हलवायची. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलायचं नाही.

खाडीच्या हवेने कॅसेटींना बुरशी येते. एका दुपारी नर्सने सगळ्या कॅसेटी ओट्यावर उन्हात मांडल्या, पापड मांडतात तशा. शेजारच्या काकी हळद मागायला आल्या. त्यांनी एक डबी उचलली. वर कवटी होती, कवटीच्या डोळ्यातून साप निघाला होता आणि मागे एक चर्च जळत होतं. दुसरी उचलली, तिच्यावर शिंगं होती. त्यांनी दोन्ही डब्या परत होत्या तिथे नीट ठेवल्या आणि हळद न घेता गेल्या. संध्याकाळी देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष आमच्या दारात उभे होते.

आमच्या मागच्या खोलीची भिंत आणि गावदेवीच्या देवळाची भिंत यांच्यात हातभर अंतर. जत्रा तीन आठवड्यांवर आली होती. शिवाय त्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदाच महानगरपालिकेची निवडणूक व्हायची होती आणि अध्यक्ष उभे राहणार होते, त्यामुळे ते तेव्हा सगळ्याच गोष्टींत लक्ष घालत.

"काकी, त्या पोरीला जत्रेच्या आत खोली खाली करायला सांगा," ते सासूबाईंना म्हणाले. "सैतानाची गानी लावतं ती. देवीच्या भितीला लागून."

सासूबाई सुकट निवडत होत्या. "तू ऐकलीस?"

"ऐकू येतात ना सगल्या गावाला."

"काय बोलतान त्यात?"

"ते कोनाला कलतंय?"

"मंग सैतानाची हायत हे तुला कोनी सांगितला?"

"कव्हरावर फोटो हाय त्याचा."

"लग्नाच्या पत्रिकेवर गनपतीचा फोटो असतो. म्हनून काय लगीन गनपतीचा असतं?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत गेले. बाहेरून त्यांचा आवाज आला, "रविवारी देवलात बसू. त्या गान्यात काय हाय ते चार मान्सांना वाचून दाखवा. सैतानाचा असेल तर खोली खाली. मी काय वैरी नाय त्या पोरीचा."

मी जाऊन नर्सला सांगितलं. तिची खोली जाणं म्हणजे नोकरीच जाणं होतं. दवाखान्याच्या हॉस्टेलमध्ये जागा नव्हती. वाशीतल्या दोन सोसायट्यांनी तिला आधीच काढलं होतं, एकीने स्वयंपाकाच्या वासावरून, दुसरीने कारण न सांगता. तिच्या गावच्या दवाखान्यात काम होतं, पण तो कर्फ्यू लागला की बंद असे आणि कर्फ्यू लागलेलाच असे. "जाके क्या करूँगी," ती एवढंच म्हणाली आणि कॅसेटी खोक्यात भरू लागली. सासूबाईंनी तिच्या हातातलं खोकं काढून घेतलं. मला म्हणाल्या, "वही घे."

मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. आमच्या घरात बायकांमध्ये लिहिता येणारी मीच होते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

नर्सची रात्रपाळी होती. ती सकाळी झोपायची, दुपारी तीनला उठायची. मग आम्ही तिघी तिच्या खोलीत बसायचो. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला एक कागद असतो आणि त्यावर गाण्याचे शब्द इतक्या बारीक अक्षरात छापलेले असतात की ते कोणी वाचावेत अशी इच्छा नसावी. नर्स एक ओळ वाचायची, विचार करायची, मग हिंदीत सांगायची. मी विचार करायची आणि मराठीत लिहायची. तिची हिंदी दवाखान्याची होती, माझी बाजारातली. मध्येच दोघींनाही शब्द सापडायचा नाही, तेव्हा ती हाताने करून दाखवायची. नरक तिने स्टोव्हकडे बोट दाखवून सांगितला.

पहिलं गाणं असं होतं. एका घरात काळा पाहुणा येतो. घरातले त्याला ओळखतात, बसायला देतात. तो म्हणतो, हे घर माझंच आहे, तुमच्या आजोबांनी मला दिलंय. मग खूप वेळ नुसती गिटार. 'मग खूप वेळ नुसती गिटार' हेही मी वहीत लिहिलं, कारण सगळं लिही असं मला सांगितलं होतं.

"मंग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग गाणं संपतं," मी म्हणाले.

"आनि तो?"

"कोण?"

"पावना."

मी नर्सला विचारलं. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. "वो वहीं है," ती म्हणाली.

सासूबाईंचा सुकट निवडणारा हात थांबला. "म्हंजे बोलवन नाय?"

नाही म्हटल्यावर त्यांनी बाकीची सैतानाची गाणी काढायला लावली. तशी चार होती. चारही गाण्यांत त्याला हाका मारून बोलावलं होतं, आणि एकातही त्याला परत पाठवलं नव्हतं. सैतानाचं नाव घेतलं याचं त्यांना काही वाटलं नाही. त्या स्वतः प्रत्येक लग्नात त्याच्या जातीतल्या पाच-सहा जणांची नावं घेत. पण आवतण देऊन बोळवण करायची नाही, हे त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"गानारा गायला आनि आपल्या घरी गेला," त्या म्हणाल्या. "आनि हा बसलाय इथं, ह्या पोरीच्या खाटेवर. त्याला कोनी जा म्हनलंच नाय तर तो कसा जाईल? त्याचा काय दोष?"

नर्सने हळूच खाटेकडे पाहिलं.

मग सासूबाईंनी तिथेच बसून बोळवण बांधली. 'आयलास दारी, घेतलास वाटा, आता तुझ्या वाटेन जा रं पावन्या, मागं नको बघू.' नर्सने ती एकेक ओळ त्यांच्यामागून म्हणून पाठ केली. 'वाटा' तिच्या तोंडात बसला नाही, पण सूर बसला. ती चर्चमध्ये गाणारी होती. दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणू लागल्या तसं तिने त्याच गाण्यात वरचा वेगळा सूर लावला, तिच्याकडे चर्चमध्ये लावतात तसा. दोन्ही सूर एकमेकांत छान बसले. सासूबाईंनी तिला थांबवलं. "दोन आवाजात सांगितला तर त्याला कलायचा नाय, कंच्या दारानं जायचं."

तेव्हापासून तो नियम झाला. सैतानाचं गाणं लागलं की ते संपल्यावर नर्स टेप बंद करायची, दाराशी उभी राहायची आणि बोळवण म्हणायची. मग दुसरं गाणं लावायची.

मला एक गोष्ट कळत नव्हती, ती मी तिसऱ्या दिवशी विचारली. रविवारी ती पांढरी ओढणी घेऊन चर्चला जायची, येशूच्या फोटोला रोज फूल घालायची, आणि हे असलं ऐकायची. हे चालतं का?

ती हसली. तिच्या वडिलांनी पण तेच विचारलं होतं म्हणाली. मग कागदाची घडी घालत म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ रोड पे फौज खड़ी रहती है. चर्च में बोलते हैं, सब ठीक होगा. रेडियो बोलता है, सब ठीक है. ये लोग बोलते हैं, ठीक नहीं है. बस."

मी हे वहीत लिहिलं नाही, कारण ते कॅसेटमधलं नव्हतं.

बाकीच्या गाण्यांत सैतान फार नव्हता. एकात एक पाद्री होता, तो टीव्हीवर रडतो आणि देवासाठी विमान मागतो. सासूबाई म्हणाल्या, हा आपल्या वेशीवर पण येतो, विमान नाही मागत, तूप मागतो. एक लढाईचं होतं. म्हातारे लोक टेबलाशी बसून नकाशावर गोट्या सरकवतात, आणि जिथे गोटी सरकते तिथे कोणाचा तरी मुलगा चिखलात पडतो. हे सांगताना नर्सने कागदात पाहिलं नाही.

शेवटचं गाणं एका मोठ्या माणसाचं होतं. तो गावात येतो, सगळ्यांशी हात मिळवतो, नकाशा काढतो आणि गावातल्या लोकांची शेतं घेतो. नर्स 'खेत' म्हणाली. आमच्याकडे शेतं थोडी आणि मिठागरं फार, म्हणून मी मिठागर लिहिलं. हात मिळवणं आमच्याकडे कोणी करत नाही, म्हणून हात जोडतो असं लिहिलं. मला वाटलं, लोकांना समजायला सोपं जाईल. बाकी सगळं तिने सांगितलं तसंच होतं. पान असं झालं:

तो आला, हात जोडून हसला.
कागद पसरला, बोटाने रेघ मारली.
रेघेच्या आत आमचं मिठागर.
म्हणाला, शाळा देतो, नोकरी देतो, पाणी देतो.
मग कंपाउंड आलं.
गेटवर राखणीला मिठागरवाल्याचाच पोर.
तो बापाला विचारतो, पास कुठे आहे.

सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. सुकट निवडून झाली होती तरी त्यांनी ती परत सुपात घेतली.

रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात पंधरा-वीस पुरुष सतरंजीवर बसले होते आणि बायका पायऱ्यांवर. नर्स चपलांजवळ उभी राहिली, तिला आत यावं की नाही ते कळेना आणि कोणी सांगितलं नाही. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, नर्सला मराठी येत नव्हती. म्हणून मी वही घेऊन खांबाशी बसले. आमचे हे मागे बसले होते आणि छताकडे बघत होते.

पहिली ओळ मी वाचली ती मलाच ऐकू आली नाही.

"मोठ्यानं, वयनी," अध्यक्ष म्हणाले.

सासूबाई माझ्या मागे बसल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीत बोट रोवलं आणि ते काढलंच नाही. मी वाचलं. काळा पाहुणा, आजोबा, घर, मग खूप वेळ नुसती गिटार. वाचून झाल्यावर सासूबाईंनी सांगितलं की गाण्यात दोष एकच आहे, बोळवण नाही, आणि ती आम्ही बसवली आहे. त्यांनी म्हणून दाखवली. नर्सला खूण केली, तिनेही चपलांजवळून म्हणून दाखवली. बायकांमध्ये थोडं हसू झालं.

एक म्हातारबाबा पुढे सरकले. "पन वाटा कंचा देतान त्याला? कोंबरा का नारल?"

"नारल देवीला. त्याला कोंबराच पायजे," दुसरा म्हणाला.

"इंग्रज हाय तो. त्याला आपला कोंबरा चालंल का?"

यावर अर्धा तास गेला. एकाने तिखट चालेल का असंही विचारलं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला की तो पाव खाणाऱ्यांच्या देशातला आहे, त्याला उंबऱ्याबाहेर अर्धा पाव ठेवावा. हे सगळ्यांना पटलं. अध्यक्षांनाही पटलं, त्यांनी वहीत तसं लिहून घ्या म्हणून सांगितलं. सैतान मंजूर झाला. पाद्र्याच्या गाण्याला लोक हसले. लढाईच्या गाण्याला कोणीतरी "बरोबर हाय" म्हणालं.

"झाला?" अध्यक्षांनी विचारलं.

अजून एक पान होतं. मी वही मिटली असती तर ते कोणाला कळलं नसतं. पण सगळं वाच असं मला सांगितलं होतं, आणि मध्येच थांबले असते तर का थांबले ते सांगावं लागलं असतं. मी वाचत राहिले.

वाचून संपलं. मग तेच म्हातारबाबा म्हणाले, "परत वाच." त्यांच्या मिठागरावर आता एका कंपनीचा सायकल स्टँड होता. मी परत वाचलं. "परत," मागून कोणीतरी म्हणालं. तिसऱ्यांदा वाचताना पायऱ्यांवरच्या बायका आत येऊन बसल्या. अध्यक्षांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. गावातल्या जमिनी सरकारला द्यायचे कागद सह्यांसाठी पहिल्यांदा तेच घेऊन आले होते. ते खूप वर्षांपूर्वी.

"हे कॅसेटीतला नाय," अध्यक्ष म्हणाले.

मग ते सगळ्यांकडे वळले.

"विलायतेत मिठागरं हायत का?"

बोटीवर नोकरी केलेला एक जण गावात होता. सगळे त्याच्याकडे वळले. "मी तरी नाय बघितली," तो म्हणाला. "मी बंदरातच असायचो पन."

"तिकरची लोका हात जोरतान का?"

"नाय. हात मिलवतान."

"मंग," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "वयनी, सरल सांग. हे पान कॅसेटीतला हाय का तू घातलास? कॅसेटीतला असेल तर निवडनुकीच्या तोंडावर असला गाना देवलाच्या भितीला नको. पोरगी उद्या खोली खाली करेल. तुझा असेल तर घरचा मामला हाय, आपन मिटवू."

नर्स चपलांजवळून माझ्याकडे बघत होती. तिला एक शब्दही कळला नव्हता. कॅसेटचा कागद तिच्या पिशवीत होता, त्यावर ते गाणं होतं. मिठागर आणि जोडलेले हात तेवढे माझे होते. हे सांगायला मला निदान दहा वाक्यं लागली असती, आणि सांगून झाल्यावर ती गेली असती.

मी मान खाली घातली. लाजून मी नेहमीच घालते. त्या दिवशी ती कळून-सवरून घातली.

"बघा," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला. त्यांनी वही मागितली, ते पान फाडलं, चार घड्या केल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मी देवीपुढे नारळ ठेवून चूक झाली म्हणायचं आणि नर्सने खोलीत राहायचं, असं ठरलं. सासूबाईंनी माझ्या पाठीतलं बोट काढलं. त्या जागी दोन दिवस निळं होतं.

मी नारळ ठेवला. ओठ हलवले.

गावात मग असं झालं की ते पान मीच लिहिलं, हे सगळे धरून चालले. विहिरीवर बायका मला जागा देऊ लागल्या. सायकल स्टँडवाल्या म्हातारबाबांनी आमच्या घरी एक पिशवी मीठ पाठवलं, ते दुकानातून विकत आणलेलं होतं. आमच्या ह्यांनी त्या रविवारी रात्री जेवून हात धुतला आणि मग म्हणाले, "पास मागायचा नियम असतो. मी काय करू?"

"मी तुमचं नाव कुठे लिहिलं?" मी म्हणाले.

"बाबांना मी कधी पास विचारला नाय," ते म्हणाले. "ते आलेच नाय कधी गेटवर." माझे सासरे वारले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

अध्यक्षांच्या विरोधात जे उभे होते त्यांची माणसं एकदा आली. वयनींनी प्रचारासाठी अशी दोन गाणी लिहून द्यावीत, चाल आम्ही लावू, असं त्यांचं म्हणणं होतं. मी स्वयंपाकघरात दाराच्या मागे उभी राहिले. सासूबाईंनी त्यांना सांगितलं की ती आजारी आहे. काय झालंय, असं त्यांनी विचारलं. "तिला बोलता येत नाय," सासूबाई म्हणाल्या, आणि हे त्यांना खोटं वाटलं नाही. निवडणुकीत अध्यक्ष निवडून आले. पुढे रस्त्यात दिसले की ते लांबूनच मला नमस्कार करायचे, पण हात न जोडता, नुसती मान हलवून.

नर्सला हे सगळं जत्रेनंतर कळलं. दवाखान्यात आमच्या गावची एक आया होती, तिने सांगितलं. नर्स दुपारी माझ्याकडे आली, तिच्या हातात तो कॅसेटचा कागद होता. मी तिला रागावलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"दीदी, ये गाना बैंडवालों का है. उन्होंने लिखा. आपने बोला, आपका है?"

"बोला नहीं," मी म्हणाले. "सिर्फ ऐसा किया." मी मान खाली घालून दाखवली.

"क्यों?"

"आपका रूम."

ती कागद हातात धरून उभी राहिली. मला वाटलं आता जाईल. ती खाली बसली. "उनको मालूम होता तो वो भी गुस्सा होते," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "शायद नहीं होते." मग तिने विचारलं की मी नक्की काय वाचलं होतं, तिला ऐकायचंय. पान नाही, मी म्हटलं, त्यांनी फाडून नेलं. "याद है?" आठवत होतं.

मला घेऊन ती तिच्या खोलीत गेली. मी म्हणून दाखवलं. ती म्हणाली, काही ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं. तिने डोकं हलवलं. मी दाराकडे पाहिलं, दाराबाहेर शेजारच्या काकींचा ओटा आहे आणि भिंतीपलीकडे देऊळ.

तिने दार लावलं. खोक्यातून ती कॅसेट काढली, तेच गाणं शोधलं आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. भांडी हलू लागली. ती माझ्यासमोर बसली आणि हाताने खूण केली, बोल.

मी पहिली ओळ म्हटली, ती माझ्या दातांपुढे गेली नाही. तिने कानाला हात लावला. मी जोर केला. आणखी जोर केला. मिठागराच्या ओळीला मी ओरडत होते, आणि तरी मला वाटत होतं की मी आपली कुजबुजतेच आहे. मांडवात असा आवाज मी कधी काढला नव्हता. माझ्या गळ्यात तो आहे हेही मला माहीत नव्हतं. पास कुठे आहे, या ओळीला तिने मान हलवली. ऐकू आलं होतं.

बाहेर काकींनी दाणकन खिडकी लावून घेतली. त्यांना नेहमीचं गाणंच ऐकू येत होतं. ते संपेपर्यंत माझं ते पान दोनदा म्हणून झालं.